एका फार्दिंगची अब्रू

इंग्लंडातील ब्रिस्टल शहरच्या फ्राय नावाच्या जुन्या पेढीने १९०२ साली ‘फाइव्ह बॉइज’ ह्या नावाने चॉकलेटची जी वडी बाजारात आणली, तिच्या वेष्टनावर एकाच मुलाची पाच छायाचित्रे ओळीने छापलेली असत. पहिल्यात त्याने भोकाड पसरले आहे, दुसऱ्यात समजूत पटून हुंदके ओसरत आले आहेत, तिसऱ्यात डोळ्यांत आशा उतरली आहे, चौथ्यात तोंडून आनंदाचा उद्गार निघतो आहे आणि पाचव्यात हाती आलेली वस्तू फ्रायचीच असल्याची खात्री पटून चेहऱ्यावर संपूर्ण तृप्ती पसरली आहे. छायाचित्रे वडीच्या पुष्कळ आधीची, १८८० नंतरच्या दशकातली. आणि पहिल्या चित्रातले रडे खरे उतरावे म्हणून त्या पाच वर्षांच्या मुलाच्या गळ्याभोवती अमोनियात भिजवलेले फडके गुंडाळले होते, अशी हकीकत सांगतात. जाहिरातीच्या इतिहासात ह्याहून मोठे अपराध शेकड्यांनी सापडतील. परंतु जो माल मुलांना हसवतो म्हणून विकायचा, त्याच्या विक्रीसाठी एका मुलाला अगोदर रीतसर रडवून घ्यावे लागले, ही गोष्ट चॉकलेटच्या धंद्याचा वृत्तांत लिहू पाहणाराला आरंभीच थबकायला लावते.

आणि हा धंदा काही उलट्या काळजाच्या माणसांचा नव्हता. ब्रिस्टलचे फ्राय, यॉर्कचे राउंट्री आणि बर्मिंगहॅमचे कॅडबरी ही तिन्ही घराणी क्वेकर पंथाची. शपथ घ्यायची नाही, शस्त्र धरायचे नाही, राजापुढेही टोपी काढायची नाही, अशा ह्या पंथीयांना इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांची दारे दीर्घकाळ बंद होती आणि लष्कर त्यांनी स्वतःच वर्ज्य मानले होते, त्यामुळे उद्यमशील क्वेकर कुटुंबे व्यापाराकडे वळली व चोख माप आणि एकच भाव ह्या दोन गुणांवर त्यांनी बाजारात पत मिळवली. जॉन कॅडबरीने १८२४ साली बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर चहा, कॉफी आणि कोकोचे दुकान घातले त्यात दारूला पर्याय देण्याची धर्मबुद्धीही होती. त्याच्या मुलांनी, रिचर्ड आणि जॉर्ज ह्यांनी, १८६१ मध्ये कारभार हाती घेतला आणि १८७९ मध्ये कारखाना धुराने काळवंडलेल्या शहरातून उचलून चार मैल दूर मोकळ्या रानात नेला. तेथेच पुढे बोर्नव्हिल नावाचे गाव वसले. मजुरांच्या घरांना बागा, पोहण्याचे तलाव, क्रिकेटची मैदाने, शनिवारी अर्धा दिवस सुटी, पुढे निवृत्तिवेतन, आणि सबंध गावात दारूचा गुत्ता एकही नाही. मुंबईच्या गिरणगावात त्याच वेळी खोलीखोलीत दहा-दहा माणसे दाटीने राहत होती हे ध्यानात घेतले, म्हणजे बोर्नव्हिलची थोरवी कमी लेखण्याचे धैर्य होत नाही.

गिऱ्हाईक शोधण्याच्या कामी मात्र ह्या साध्याभोळ्या राहणीच्या लोकांनी जी कल्पकता दाखवली, ती धंद्याच्या इतिहासात नवी होती. तोवर व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक म्हणजे ज्याच्या कनवटीला पैसा तो, असा सरळ हिशेब असे. मुलाच्या कनवटीला पैसा नसतो. पण त्याच्यापाशी हट्ट असतो. आपल्याकडे राजहट्ट, स्त्रीहट्ट आणि बालहट्ट असे तीन हट्ट मानले आहेत; पैकी तिसऱ्यावर कारखाना चालवता येतो, हे ह्या काळातील कोको-चॉकलेटवाल्यांना नीट उमगले. रिचर्ड कॅडबरीचा हात चित्रकलेत चांगला होता. १८६८ च्या सुमारास त्याने चॉकलेटच्या शोभिवंत डब्यांसाठी स्वतः चित्रे काढली, आणि मांजराचे पिल्लू कवटाळून बसलेली लहान मुलगी ही त्यांपैकी सर्वांत गाजलेली. डबा रिकामा झाल्यावर मुली त्यात रिबिनी आणि पत्रे ठेवीत, म्हणजे माल संपला तरी नाव घरात राहत असे. १९०५ मध्ये ‘डेअरी मिल्क’ आले, आणि दुधासारख्या सात्त्विक वस्तूशी सांगड घातल्यावर खाऊ हा पोषणाच्या सदरात जमा झाला. पुढे १९३० नंतरच्या दशकात कोकोच्या डब्यांतून शिशाची रंगीत खेळण्यातली जनावरे निघू लागली, ‘कोकोकब्ज’ नावाचे मुलांचे मंडळच स्थापन झाले. संच पुरा करण्यासाठी मुले घरच्यांकडून डब्यामागून डबा आणवीत. हे सारे करणारी माणसे स्वतःच्या मुलांवर माया करणारी होती, आणि तीच माया त्यांनी डब्यावर चितारली. चित्रातल्या मुलीच्या निरागसपणामुळे डब्यातली वस्तूही निरागस ठरत असे, आणि ती कोठून आली हे विचारण्याचे मुलाचे वय नसे व आईला सुचत नसे.

ती कोठून येत असे, हे आता पाहू. आफ्रिकेच्या पश्चिमेस, गिनीच्या आखातात, विषुववृत्तालगत साँ तोमे आणि प्रिन्सिपे ही दोन छोटी ज्वालामुखीजन्य बेटे आहेत. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पोर्तुगीजांच्या हाती पडली. म्हणजे आपले पूर्वज ज्यांना फिरंगी म्हणत, त्यांचा अंमल गोमंतकावर बसण्यापूर्वी काही दशके तेथे बसला होता. सोळाव्या शतकात तेथे गुलामांच्या कष्टावर ऊस पिके. ऊस ब्राझीलला गेल्यावर बेटे ओस पडली, आणि एकोणिसाव्या शतकात ब्राझीलहून आणलेल्या कोकोने त्यांना पुन्हा भाग्य आले. ‘रोसा’ म्हणजे तेथील मळा. प्रत्येक रोसा ही जहागीरच असे: मालकाचा वाडा, मजुरांच्या बराकी, दवाखाना, प्रार्थनामंदिर, वखार, कोको सुकवण्याची अंगणे आणि किनाऱ्यापर्यंत स्वतःची छोटी आगगाडी. दिवस उजाडण्यापूर्वी घंटा होई, मुकादम हजेरी घेई, आणि रांगा झाडीत शिरत. झाडाच्या बुंध्यालाच लगडलेली फळे कोयत्याने उतरवायची, फोडायची, आतला पांढरा चिकट गर बियांसकट पेट्यांत भरून काही दिवस आंबवायचा, मग बिया उन्हात पसरून दिवसभर पायांनी किंवा दाताळ्यांनी उलथत राहायच्या. चॉकलेटचा सुगंध ह्या आंबवण्यातून जन्माला येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी काही वर्षे ही दोन चिमुकली बेटे जगातील कोको पिकवणाऱ्या मुलखांत अगदी आघाडीवर होती, आणि कॅडबरी पेढीचा जवळजवळ निम्मा कोको तेथून येत असे.

पोर्तुगालने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी १८७० च्या आसपास कायद्याने संपवली होती. कागदावर साँ तोमेच्या मळ्यांत गुलाम नव्हतेच. होते ते ‘सेर्व्हिसाइश’, म्हणजे पाच वर्षांच्या कराराने स्वखुशीने आलेले नोकर. हा करार कसा होई, ते हेन्री नेव्हिन्सन ह्या इंग्रज वार्ताहराने ‘हार्पर्स’ मासिकासाठी १९०४-०५ मध्ये अंगोला ह्या पोर्तुगीज वसाहतीच्या अंतर्भागात स्वतः हिंडून पाहिले. किनाऱ्यापासून शेकडो मैल आत, कोठे कर्जापोटी, कोठे टोळ्यांच्या लढाईत, कोठे नुसत्या कापडाच्या व दारूच्या बदल्यात माणसे दलालांच्या हाती येत, आणि मग ज्या पट्ट्याला प्रवासी भुकेचा मुलूख म्हणत तो ओलांडून त्यांचे तांडे समुद्राकडे हाकले जात. त्या वाटेवर झाडांना लाकडी खोडे टांगलेले त्याला दिसले, आणि झुडपांत हाडे. बेंगेलाच्या बंदरात ह्या लोकांना सरकारी अंमलदारापुढे उभे करीत. तुम्ही राजीखुशीने साँ तोमेस जाता ना, असा प्रश्न विचारला जाई. उत्तर कोणी काही देवो अथवा न देवो, करार कायदेशीर होई. मग प्रत्येकाच्या गळ्यात एक पत्र्याची चकती अडकवीत, तिच्यावर त्याचा दाखल क्रमांक. आणि तिच्याच सोबतीला पत्र्याची एक छोटी नळकांडी, जिच्यात त्या स्वतंत्र मजुराच्या कराराची नक्कल गुंडाळून ठेवलेली असे. ती वाचता येणारा त्या जथ्यात एकही नसे. कायद्याने गुलामाच्या गळ्यातली साखळी काढून तिच्या जागी दस्तऐवज अडकवला, एवढाच काय तो फरक. आणि अशा फरकावर समाधान मानणारे कारकून सर्वच साम्राज्यांच्या दप्तरांत बसलेले असतात.

बेटावर उतरलेला माणूस परत जात नसे. पाच वर्षांची मुदत संपली की करार आपोआप पुढे चाले. मळ्यावर जन्मलेले मूल मळ्याचेच धरले जाई, आणि चालता-बोलता झाले की कामाला लागे. मृत्यूचे प्रमाण इतके भयंकर होते की, नवी भरती थांबली असती तर रोसा थोड्याच वर्षांत रिकाम्या झाल्या असत्या. म्हणूनच अंगोलाच्या वाटेवरचे तांडे थांबत नव्हते. नेव्हिन्सनचे लेख १९०६ मध्ये पुस्तकरूपाने निघाले, आणि त्याने त्या व्यवस्थेला दिलेले नाव होते अर्वाचीन गुलामगिरी.

पण कॅडबरींना हे नेव्हिन्सनच्याही आधी कळले होते. रिचर्डचा मुलगा विल्यम कॅडबरी १९०१ मध्ये ट्रिनिडादला गेला असता ही वदंता त्याच्या कानी आली. त्याच वर्षी साँ तोमेच्या एका विक्रीस निघालेल्या मळ्याची यादी पेढीच्या हाती पडली. यादीत जमीन, इमारती, गुरे अशी मालमत्ता रीतीप्रमाणे मांडली होती. आणि त्याच रांगेत दोनशे काळे मजूर, किंमत ३,५५५ पौंड, अशीही एक बाब होती. माणशी अठरा पौंडही पुरते पडत नव्हते. व्यापारी माणसाला ताळेबंदाची भाषा कळते. जी वस्तू विक्रीच्या यादीत किमतीसह येते ती मालकाची असते, हे समजायला आफ्रिकेत जावे लागत नाही. ज्या दिवशी ही यादी बोर्नव्हिलच्या टेबलावर आली, त्याच दिवशी खरे पाहता प्रकरणाची चौकशी संपली होती.

तेथून चौकशी सुरू झाली. १९०३ मध्ये विल्यम लिस्बनला गेला. तेथे त्याला सांगण्यात आले की, नवा कायदा नुकताच झाला आहे, त्याचे फळ दिसेपर्यंत धीर धरावा; ब्रिटिश वकिलानेही तोच सल्ला दिला. मळेवाले म्हणाले, ऐकीव गोष्टींवर विश्वास काय ठेवता, माणूस पाठवून पाहा. मग माणूस शोधण्यात आला. जोसेफ बर्ट नावाच्या सालस क्वेकराची निवड झाली. त्याला पोर्तुगीज भाषा येत नव्हती, म्हणून तो आधी ती शिकण्यास पोर्तुगालला गेला. १९०५ च्या मध्यास तो बेटांकडे निघाला आणि १९०७ मध्ये परतला. त्याच्या अहवालाचा मथितार्थ नेव्हिन्सनच्या लेखांहून निराळा नव्हता, फक्त शब्द थंड होते. पुढे अहवालाच्या मसुद्यावर परराष्ट्रखात्याशी खल झाला, लिस्बनमध्ये मळेवाल्यांशी पुन्हा बैठक झाली, आणि परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे ह्यांच्या खात्याने थोडे थांबण्याची विनंती केली. ह्या विनंतीमागेही एक हिशेब होता: दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या ब्रिटिश खाणींना लागणारा मजूर पोर्तुगीजांच्याच मोझांबिकातून येत होता, तेव्हा लिस्बनला दुखावणे परवडण्याजोगे नव्हते. अखेर १९०८ मध्ये विल्यम बर्टला बरोबर घेऊन स्वतः बेटांवर गेला, आणि १९०९ च्या मार्चमध्ये तिन्ही क्वेकर पेढ्यांनी साँ तोमेच्या कोकोवर बहिष्कार जाहीर केला. कोलोनची जर्मन पेढी श्टोलवेर्क त्यांना सामील झाली. अमेरिकन कारखानदारांनी खरेदी चालूच ठेवली. मधल्या आठ वर्षांत कॅडबरींनी तेथला सुमारे तेरा लाख पौंडांचा कोको घेतला होता.

ह्या आठ वर्षांत कोणी खोटे बोलले असे मला वाटत नाही, आणि मला अस्वस्थ करते ती हीच गोष्ट. विल्यमचा युक्तिवाद असा होता की, आपण गिऱ्हाईक आहोत तोवर मळेवाल्यांवर आपला काही दाब आहे. माल घेणे थांबवले की तोही संपला. युक्तिवाद खोटा नव्हता. पण तो जितकी वर्षे खरा राही तितकी वर्षे कोको मिळत राही, हा त्याचा गुण कोणाच्याही नजरेतून सुटणारा नव्हता. शिवाय गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, शेतकऱ्यांचा कोको ह्याच सुमारास भरपूर येऊ लागला होता आणि कॅडबरींनी तेथे खरेदीची व्यवस्था बसवण्यास आरंभही केला होता. विवेकबुद्धीला जाग येण्यास आणि पर्यायी माल तयार होण्यास एकच मुहूर्त लाभला.

वादाला तोंड फुटले ते मात्र निराळ्याच कारणाने. जॉर्ज कॅडबरी १९०१ पासून ‘डेली न्यूज’ ह्या उदारमतवादी वृत्तपत्राचा मालक होता, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सव्हालच्या खाणींत करारबद्ध चिनी मजूर आणण्याच्या हुजूरपक्षीय धोरणावर त्या पत्राने गुलामगिरी म्हणून झोड उठवली होती. १९०६ ची निवडणूक हुजूरपक्ष हरला त्यात ह्या गवगव्याचा वाटा मोठा होता. त्याचे उट्टे हुजूरपक्षीय ‘स्टँडर्ड’ने काढले. २६ सप्टेंबर १९०८ च्या अग्रलेखात त्याने बोर्नव्हिलच्या मजुरांच्या सुखसोयींचे उपरोधाने वर्णन करून, ह्या गोऱ्या हातांना दूरच्या बेटांवरचे काळे हात साहाय्य करतात त्यांचे काय, अशा आशयाचा सवाल टाकला. काळ्या हातांचे दुःख ‘स्टँडर्ड’लाही त्या दिवसापर्यंत फारसे सतावत नव्हते. पण हेतू मलिन असला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही.

कॅडबरींनी अब्रूनुकसानीची फिर्याद लावली. १९०९ च्या नोव्हेंबरअखेर बर्मिंगहॅमला, म्हणजे त्यांच्या घरच्याच अंगणात, खटला उभा राहिला व डिसेंबरात निकाल लागला. कॅडबरींच्या बाजूने रूफस आयझॅक्स, जे पुढे लॉर्ड रीडिंग ह्या नावाने हिंदुस्थानचे व्हाइसरॉय म्हणून आले. आणि ‘स्टँडर्ड’च्या बाजूने एडवर्ड कार्सन, ज्यांच्या उलटतपासणीने पूर्वी ऑस्कर वाइल्डचा सत्यानाश झाला होता. कार्सनने विल्यमशी हुज्जत घातली नाही. बेटांवर गुलामगिरी आहे हे तुम्हांस मान्य आहे काय, मजूर विकत घेतले जातात काय, वाटेत माणसे मरतात काय, एवढेच तो विचारीत गेला, आणि विल्यम प्रामाणिक असल्यामुळे होय म्हणत गेला. मग १९०१ पासूनच्या वर्षांत तुमचा कोको पिकवताना किती गुलाम मेले ह्याचा तुम्ही कधी अंदाज केला आहे काय, अशा आशयाचा प्रश्न त्याने टाकला, आणि त्याचे उत्तर नकाराखेरीज दुसरे असू शकत नव्हते. पेढीत कोकोच्या पोत्यांचा हिशेब होता, हा नव्हता.

पंचांनी निकाल कॅडबरींच्या बाजूने दिला आणि भरपाई मुकर्रर केली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. खटल्याचा खर्च ‘स्टँडर्ड’वर पडला. लेख बदनामीकारक खरा, परंतु गेलेल्या अब्रूची किंमत दमडी, असा हा न्याय. आणि बर्मिंगहॅमच्या बारा नागरिकांनी, ज्यांच्या शहराला कॅडबरींचा अभिमान होता, तो विचारपूर्वक दिला हे मला त्या सबंध प्रकरणातले सर्वांत आदरणीय कृत्य वाटते. मात्र जेथे गुलामगिरीचा शब्द दिवसेंदिवस उच्चारला गेला, त्या कोर्टात अंगोलाहून नेलेल्या एकाही माणसाची साक्ष झाली नाही. भांडण इंग्रजांचे होते, अब्रू इंग्रजांची होती.

पुढचे थोडक्यात सांगता येईल. १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले व मजूर हळूहळू मायदेशी पाठवले जाऊ लागले. कोकोचे केंद्र गोल्ड कोस्टकडे सरकले, आणि १९११ पर्यंत तो मुलूख जगात पहिला झाला. तेथे झाडे शेतकऱ्यांच्या मालकीची होती, म्हणून त्यांना जे करता आले ते साँ तोमेच्या मजुरांना कधी करता आले नसते: १९३७-३८ मध्ये युरोपीय खरेदीदार पेढ्यांनी, ज्यांत कॅडबरीही होते, खरेदी वाटून घेण्याचा आपसांत करार केला तेव्हा शेतकऱ्यांनी कोको विकण्याचेच नाकारले आणि कित्येक महिने हट्ट सोडला नाही. साँ तोमेत मात्र १९५३ च्या फेब्रुवारीत, आपल्याला मळ्यांवर सक्तीने जुंपणार ह्या भीतीने बिथरलेल्या स्थानिक लोकांवर पोर्तुगीज गव्हर्नरने हत्यारे चालवली व शेकडो माणसे मारली. गोमंतकात त्या वेळी तेच सरकार होते. गोव्याच्या मुक्तिलढ्याचे पुढारी त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा ह्यांनी आसामच्या चहामळ्यांकडे नेल्या जाणाऱ्या गोव्याच्या कुणब्यांची बाजू जेव्हा घेतली, तेव्हा तेही करार, दलाल आणि मळा ह्या त्रिकुटाविरुद्धच झगडत होते. मळेवाले तेवढे इंग्रज होते.

कॅडबरीची भारतीय कंपनी १९४८ मध्ये मुंबईस स्थापन झाली, आणि आज महाराष्ट्रातल्या पुष्कळ शाळांत वाढदिवस म्हटला की वर्गभर चॉकलेट वाटल्याशिवाय तो साजरा होत नाही. कोको आता मुख्यतः आयव्हरी कोस्ट आणि घाना ह्या दोन देशांतून येतो. मळे फार करून लहान कुटुंबांचे आहेत, गळ्यात चकती कोणी घालत नाही. परंतु भाव इतका पडतो की मजूर लावणे शेतकऱ्याला परवडत नाही, आणि मग कोयता मुलाच्या हाती जातो. २००१ मध्ये जगातील मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी अमेरिकन लोकप्रतिनिधी हार्किन आणि एंगेल ह्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या करारनाम्यावर सह्या करून, बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार २००५ पर्यंत नाहीसे करण्याचे मान्य केले. मुदत २००८ पर्यंत वाढवण्यात आली, मग २०१० पर्यंत, आणि नंतर २०२० पर्यंत सत्तर टक्के घट इतके उद्दिष्ट खाली आणण्यात आले. त्या २०२० च्या ऑक्टोबरात शिकागो विद्यापीठाच्या संशोधनसंस्थेने आपली मोजणी प्रसिद्ध केली. दोन्ही देशांच्या कोकोशेतीत राबणारी मुले १५ लाख ६० हजार भरली, आणि त्यांपैकी बहुतेक मुले धोक्याची कामे करीत होती.